मध्यावरचा बाक

नागरिकांना बसता यावे, याबाबत आमच्या पदपथ सुविधा विभागाची भूमिका पहिल्यापासून स्वच्छ आहे. कुठे बसावे एवढाच प्रश्न असतो, आणि तो मोजमापाशिवाय सुटत नाही. मी या विभागात लिपिक असून ‘अंतरमापन साधन निवड समिती’चा सचिव आहे. समितीबद्दल गावभर नाही नाही ते बोललं जातं, म्हणून घडलं ते घडलं तसं सांगतो.

सुरुवात घड्याळवाल्या काकांपासून झाली. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं; ते बंद करून आता ते घरीच असतात. काकूंना अर्धांगवायू झाला, तेव्हापासून घरासमोरच्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या शुश्रूषागृहात आहेत. परक्याच्या हातून त्या घास घेत नाहीत, तोंड घट्ट मिटून घेतात. म्हणून काका रोज संध्याकाळी चालत जातात आणि त्यांना भरवून येतात. पण काकांची छाती आताशा साथ देत नाही. अर्ध्या वाटेवर धाप लागते आणि टेकायला काही नसतं. त्यांनी अर्ज केला, की मध्यावर एक बाक मिळावा.

साहेबांनी अर्ज त्याच दिवशी मंजूर केला. बाकही लगेच आला, लोखंडी पायांचा, चांगला दणकट. विभागात एवढी घाई पूर्वी कुणी पाहिली नव्हती. आदेशात साहेबांनी एकच वाक्य लिहिलं होतं: ‘बाक रस्त्याच्या अचूक मध्यावर बसवावा.’ या ‘अचूक’ने आम्हाला कामाला लावलं.

मध्य काढायचा तर आधी लांबी हवी. आमचे अभियंते मोबाइलवर अ‍ॅप लावून रस्ता चालून आले. साहेबांच्या मोबाइलमध्ये दुसरं अ‍ॅप होतं, म्हणून तेही चालून आले. दोन्ही लांब्या जुळेनात. मी चाललो तर माझ्या अ‍ॅपने लांबी सांगितलीच नाही. त्याने मला शाबासकी दिली आणि पाणी प्यायला सांगितलं.

“आता खरं कुणाचं मानायचं?” अभियंत्यांनी विचारलं.

“माझं पद लक्षात घ्या,” साहेब म्हणाले. मग जरा विचार करून म्हणाले, “पण कारभार पारदर्शक दिसला पाहिजे. समिती नेमा.”

समितीला बसायला खोली मिळेना. बाक व्हरांड्यात पडूनच होता, त्यावर बैठका सुरू झाल्या. त्याचं प्लास्टिक मात्र आम्ही काढलं नाही. सरकारी वस्तू वापरलेली दिसता कामा नये.

एकेक साधन तपासायला घेतलं. कॅमेऱ्याने अंतर मोजणारं एक अ‍ॅप होतं. ते रस्त्यावर रोखलं तेवढ्यात कुत्रं आडवं आलं आणि अ‍ॅपने कुत्र्याची लांबी जाहीर केली. बरोबर असावी, कुत्र्याने हरकत घेतली नाही. मग लेझरचं यंत्र आणलं. उन्हात त्याचा लाल ठिपका दिसेना. ढग आल्यावर समोर दिसणाऱ्या पहिल्या भिंतीवर नेम धरला, तर एक स्थूल गृहस्थ आमची गंमत बघायला मध्येच उभे राहिले आणि रस्ता त्यांच्या पोटापाशी संपला. त्यानंतर दांड्याला लावलेलं मोजायचं चाक आलं. ते खड्ड्यात उतरायचं, पुन्हा वर चढायचं आणि तेवढंही मोजायचं, त्यामुळे लांबी जास्त भरली. यावर रस्ते विभागाने लेखी कळवलं की सदर रस्त्यावर खड्डे नाहीत. म्हणजे चाक खोटं बोलत होतं. ते नापास करण्यात आलं. कुणीतरी साध्या मोजपट्टीचं नाव काढलं. पण जिला ना चार्जिंग लागतं ना अपडेट, तिच्यावर विसंबायचं कसं, असं सर्वांचं मत पडलं.

मधूनच काका यायचे.

“साहेब, बाकाचं कुठवर आलं?”

“काका, अचूकतेवर काम चालू आहे.”

“अहो, चार पावलं इकडेतिकडे झालं तरी चालेल. मला टेकायचंच तर आहे.”

हे अभियंत्यांच्या मनाला लागलं. “उद्या लोक म्हणतील, विभागाने अंदाजपंचे बाक ठोकला. चालेल तुम्हाला?”

“चालेल,” काका म्हणाले.

नागरिकांची ही बेफिकिरी पाहिली की काम करायचा उत्साहच जातो.

शेवटी काकांनी घरचं घडीचं स्टूल नेऊन वाटेतल्या शिंप्याच्या दुकानाबाहेर ठेवलं. शिंपी म्हणाला, मी लक्ष ठेवतो. अतिक्रमण विभागाची गाडी दुपारीच आली आणि स्टूल घेऊन गेली. मी त्यांच्या प्रमुखांना विचारलं, “रस्त्याला नेमका किती अडथळा होत होता, मोजलंत का?”

“त्यात मोजायचं काय? डोळ्यांना दिसतंय की!”

त्यांच्याकडे एकही यंत्र नाही, बिचाऱ्यांना नुसत्या डोळ्यांवर काम उरकावं लागतं, याचं मला वाईट वाटलं.

जप्त केलेल्या वस्तू आमच्याच व्हरांड्यात ठेवतात. काका स्टूल सोडवायला आले, जिना चढून दमले आणि समोरच्या बाकावर बसले. प्लास्टिक करकरलं. शिपाई धावत आला.

“उठा काका, उठा! हा बाक अजून जागेवर लावलेला नाही. त्याच्यावर बसता येत नाही.”

काका भिंतीला धरून उठले. “काल मला जाता आलं नाही,” ते हळूच म्हणाले. “ती उपाशीच झोपली.”

साहेबांनी पुढच्या बैठकीची तारीख दिली.

त्या बैठकीत फोन वाजला.

“मी घड्याळवाल्यांचा मुलगा बोलतोय. बाबांच्या मोबाइलमध्ये मी एक अ‍ॅप टाकून ठेवलंय. त्यांचा ठिपका घरातून हलतच नाहीये. एक साधा बाक ठेवता येत नाही तुम्हाला? लाज कशी वाटत नाही?”

आवाजात संताप होता. साहेब नरमाईने म्हणाले, “आपण कुठे असता?”

“दुसऱ्या शहरात. थांबा, अंतरच सांगतो.” आणि त्याने अंतर वाचून दाखवलं, अगदी शेवटच्या मीटरपर्यंत. वाचता वाचता त्याचा राग जरासा निवळला.

साहेब उभेच राहिले. “इतकं अचूक? कोणतं अ‍ॅप हो हे?”

अ‍ॅप एकमताने मंजूर झालं. रस्त्याची दोन टोकं त्यात टाकली, तर क्षणात लांबी आली आणि मध्यावर निळा ठिपका आला. पुन्हा पाहिलं, तरी ठिपका तिथेच. दुसऱ्याच दिवशी बाक सिमेंटमध्ये पक्का केला. साहेबांनी फीत कापली.

अ‍ॅप अंतर सरळ रेषेत दाखवतं. रस्ता एका गोदामाला वळसा घालून जातो. त्यामुळे मध्य गोदामाच्या आवारात पडला. भिंत उंच आहे, फाटकाला कुलूप असतं आणि पहारेकरी बाहेरच्या माणसाला आत घेत नाही. बाक मात्र तसूभरही चुकलेला नाही. बसायला फार आरामशीर आहे, असं पहारेकरी सांगतो.

काका आता त्या भिंतीला बाहेरून पाठ टेकून उभे राहतात. श्वास परत आला की पुढे निघतात. पलीकडे हातभर अंतरावर बाक असतो. ते पोचेपर्यंत ताटातलं गार झालेलं असतं, तरी काकू तोंड मिटून त्यांची वाट बघत असतात. एखाद्या दिवशी काका निम्म्यातूनच घरी परततात.

वर्तमानपत्रात ओरड झाली, तेव्हा आम्ही खुलासा दिला. अ‍ॅपमध्ये दोष नाही. रस्त्याने जायचं असेल, तर अंतराच्या खाली एक हिरवं बटण आहे, त्यावर ‘निघा’ असं लिहिलंय. ते दाबलं की रस्ता दिसतो. समितीतल्या कुणाला कुठे जायचं नव्हतं, त्यामुळे ते दाबण्याचा प्रसंग आला नाही. अहवाल पूर्ण व्हावा म्हणून मी काकांच्या मुलाला फोन करून विचारलं, “ते हिरवं बटण चालतं का हो?”



“मी कधी दाबलं नाही,” तो म्हणाला.

अ‍ॅप फुकट आहे, आपल्याकडेही असेल. आईवडिलांचा पत्ता टाकून पाहा, अंतर अगदी अचूक येतं. खालचं बटण चालतं की नाही, तेवढं आमच्या विभागाला कळवावं.