केसभरकाकांचा सापळा

"मशीन कॉम्प्युटरने चालो नाहीतर मंत्राने, लोखंड शेवटी माझंच ऐकतं," असं केसभरकाकांनी सकाळी कारखान्यात जायला निघताना बायकोला ऐकवलं.

"ऐकू दे बापडं," बायको म्हणाली. "माणसं तर कोणी ऐकत नाहीत."

काकांची सगळी हयात लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर गेली होती. मापापेक्षा केसभर जास्त ठेवायचं आणि मग हाताने घासून बरोबर आणायचं, ही त्यांची पद्धत. त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं होतं. केस राखण्याचं कारण सरळ होतं, काकांचा कशावरच विश्वास नव्हता. मोजपट्टीवर नव्हता, स्टीलवर नव्हता, आणि कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या सीएनसी मशीनवर तर मुळीच नव्हता. जे आपलं आपण चालतं ते नक्की कोणाच्या सांगण्यावरून चालतं, हे आधी कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं.

मशीनबरोबर ते शिकवायला एक मॅडम आल्या होत्या. काका त्यांच्याकडे मन लावून शिकत होते आणि शिकता शिकता त्यांच्यावर नजरही ठेवून होते. आज परीक्षा होती. शेठनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "काका, गिऱ्हाइकाने नमुन्यासाठी स्टीलचा एकच तुकडा दिलाय. त्यातून कापलेला दांडा मापात उतरला तर मशीन तुमचं. नाही उतरला तर पॅकिंगला बसा."

पॅकिंग म्हणजे दिवसभर खोक्यांना चिकटपट्टी लावणं.

काम झकास चाललं. दांड्यावरचा शेवटचा हात तेवढा जेवणानंतर फिरवायचा होता. हत्यार किती आत जाऊन कापणार, तो आकडा मशीनच्या पडद्यावर भरायचा असतो, त्याला ऑफसेट म्हणतात. काकांनी सवयीप्रमाणे केसभर राखून आकडा भरला. मग त्यांना शंका आली. मॅडमना आपली खोड माहीत आहे. त्या येऊन बघणार, गालात हसणार आणि शेठच्या कानावर घालणार. काकांनी इकडेतिकडे पाहून राखलेला केस काढून टाकला. आता माप अगदी नेमकं झालं, आणि नेमकं झालं म्हणूनच त्यांना चैन पडेना. जेवणाच्या सुट्टीत कोणी आकड्याला हात लावला तर?

दोन भाग एकमेकांत नीट बसतात का, हे बघायला कारखान्यात एक निळा रंग वापरतात. बोटाला लागला की साबणाला दाद देत नाही. आकडा बदलायचं बटण तेलाने आधीच काळं पडलेलं. काकांनी त्यावर हा रंग हलकेच चोपडला आणि डबा खायला गेले.

जेवण झालं, मॅडम आणि शेठ बघायला आले, मशीन सुरू झालं, आणि दांडा आरशासारखा चकचकीत होऊन बाहेर आला. माप तपासायला गिऱ्हाइकाने दिलेली कडी त्यावर अंगठ्याने दाबून बसायला हवी होती. काकांनी ती नुसती टेकवली, तर ती सुळकन खाली गेली आणि घरंगळत मशीनखाली गडप झाली. दांडा मापापेक्षा बारीक झाला होता. काकांना डोळ्यांसमोर खोकीच खोकी दिसू लागली.

"कोणीतरी आकड्याला हात लावलाय," ते ओरडले. "सगळ्यांनी बोटं दाखवा."

मॅडमनी हात पाठीमागे नेले. मग निरुपाय होऊन पुढे केले. एक बोट निळंशार होतं.

"तुमच्या भल्यासाठीच केलं, काका," त्या म्हणाल्या. "पडद्यावर माप नेमकं दिसत होतं, म्हणूनच मला संशय आला. तुम्ही नेमकं कधी ठेवता? म्हटलं, मोजतानाच कुठेतरी केस दडवला असणार. शेठना कळायच्या आत मी तो काढला."

"ऐकलंत शेठ?" काका विजयी सुरात वळले.

शेठ डाव्या हाताने चहा पीत होते आणि उजवा हात खिशात होता.

"शेठ, तुम्ही डावखुरे कधी झालात?"

शेठनी सावकाश हात बाहेर काढला. "मला वाटलं, मॅडमना तुमची दया येणार आणि तुम्ही राखलेल्या केसाकडे त्या काणाडोळा करणार. म्हणून पडद्यावरचा आकडा न तपासताच मी तो केस काढला."

"म्हणजे तो केस दोनदा गेला," मॅडम हळूच म्हणाल्या.

काकांनी घसा खाकरला. "तीनदा. तुमच्या आधी मी काढला होता."

मॅडमनी वाकून मशीनखालची कडी बाहेर काढली.

"मग उद्यापासून पॅकिंगला येऊ?" काकांनी पडेल आवाजात विचारलं.

"तुम्हाला पाठवलं तर आम्हा दोघांनाही तुमच्या शेजारी बसावं लागेल," शेठ म्हणाले. "आणि मशीन तर मी तुम्हाला देत नाही. उद्यापासून तुम्ही तपासणीला. बाकीच्यांनी केलेला माल मोजायचा आणि कोणावर विश्वास ठेवायचा नाही. तेवढं तुम्हाला शिकवावं लागणार नाही."

घरी बायकोने सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे तुम्हाला वर चढवलं की बाजूला सारलं?"

"अगं," काका म्हणाले, "मला तोच तर संशय येतोय."