बिनधुराची चूल

मानसिंग जाधव पलटणीतून कायमचा घरी आला तेव्हा त्याच्या ट्रंकेत दोन कांबळी होती, एक मनगटी घड्याळ होतं आणि डोक्यात एक चूल होती.

ही चूल त्यानं इटलीत, एका शेतकऱ्याच्या घरात पाहिली होती. लोखंडाची, चारी बाजूंनी बंद, मागून नळकांडं निघून भिंतीबाहेर गेलेलं. आत लाकडं ढणाढणा जळत होती आणि घरात धुराचं नाव नव्हतं. घरधनीण चुलीशी उभी राहून चक्क गाणं म्हणत होती. मानसिंगला एकदम अंजना आठवली. आपल्या बायकोला चुलीपुढं गाताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं, नेहमी खोकतानाच पाहिलं होतं. त्याच दिवशी त्यानं मनाशी ठरवलं, की लढाईतून जिवंत सुटलो तर अशी चूल घरी करायचीच.

तो सुटला. लढाईनंतर लष्कराची जुनी पिंपं मोडीत निघाली होती, त्यातलं एक त्यानं मिळवलं. तासगावच्या लोहाराकडून त्याला दार आणि जाळी बसवून घेतली. सांगलीहून पत्र्याचं नळकांडं करून सर्व्हिस मोटारीच्या टपावर घालून आणलं. मळेवाडीच्या लोकांनी ते वाजतगाजत घरात जाताना पाहिलं, पण मिल्ट्रीतून आलेला माणूस काय वाटेल ते आणतो, असं म्हणून कोणी फारशी चौकशी केली नाही.

खरी लढाई घरात झाली. नळकांडं कौलांतून वर काढायचं मानसिंगच्या मनात होतं. त्याच्या आईनं, राहीबाईनं, आढ्याखाली बसकण मारली.

"माझ्या घराला वरनं भोक पाडशील तर आधी मला भाईर काढ," ती म्हणाली. "वरनं भोक पडलं की लक्षुमी ऱ्हात न्हाई."

"आये, धूर वरच जातुया. त्येला खाली जायाला कसं सांगू?"

"तू हवालदार हायेस न्हवं? सांग की."

शेवटी तह झाला. नळकांडं मागच्या भिंतीतून काढून, कोपर घालून, परसाकडं उसाच्या बाजूला वळवायचं. शेणमातीनं फटी लिंपून घेतल्या. पण पेटवायची मात्र चांगल्या दिवशी, अशी राहीबाईची दुसरी अट होती, आणि चांगला दिवस चार दिवसांवरच होता. त्या दिवशी बनूची सुपारी फुटायची होती.

बनू ही मानसिंगची धाकटी बहीण. तिची दोन स्थळं आधी मोडली होती. एकाचं देवक एकच निघालं, दुसऱ्याचं मानपानावरून बिनसलं. आता कवठे महांकाळच्या हंबीररावांचा मुलगा ठरत आला होता. मुलगा चांगला, जमीन बरी, माणसं सरळ. हे तिसरंही हातचं गेलं असतं, तर पोरीत काहीतरी खोट आहे असं पंचक्रोशीनं धरलं असतं. बनू चार दिवस धड जेवली नव्हती. मानसिंगनं मनात म्हटलं, पाहुण्यांना पुरणपोळी या चुलीवरची घालू, त्यांनाही कळू दे घर कसं आहे ते.

सुपारीच्या दिवशी पहाटेच चूल पेटली. आणि काय सांगावं, ती चालली! लाकडं जळत होती, डाळ रटरटत होती, धूर गुपचूप नळकांड्यात शिरून मागं उसात जात होता. अंजनानं दोनदा चुलीचं दार उघडून आत पाहिलं.

"आवं, ही पेटलीया का इझलीया? मला खोकलाच येत न्हाई."

"नगं येऊ दिऊस," मानसिंग म्हणाला. त्याची छाती इतकी फुगली की सदऱ्याचं बटण ताणलं.

इथं गावाची एक गोष्ट सांगायला हवी. मळेवाडीत सकाळी कोणी कोणाच्या घरात डोकावत नाही. नुसतं कौलांकडं बघतात. कौलांतून धूर निघाला की घरात सगळं ठीक. सूर्य कासराभर वर आला तरी धूर नाही, याचा अर्थ एकच. ज्या घरी माणूस गेलं त्या घरी चूल पेटत नाही. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पिठलं-भाकरी करून न्यायची. त्याला कडू घास म्हणतात.

समोरच्या गोदाकाकूनं अंगण झाडता झाडता वर पाहिलं. जाधवांच्या कौलांतून धुराची रेघ नव्हती. अंजनाचा खोकला ऐकू येत नव्हता. आणि ओट्यावर केरबातात्या नव्हते. केरबातात्या म्हणजे मानसिंगचे चुलते. रोज उजाडल्यापासून ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बैलांना शिव्या देणं हे त्यांचं काम. आज ते पहाटेच सुपाऱ्या आणि पानं आणायला तासगावला गेले होते, पण हे गोदाकाकूला कुठून कळणार? तिनं खराटा टाकला.

"गेलं गं बाई तात्या," ती शेजारणीला म्हणाली. "आन् आजच सुपारी हुती पोरीची!"

घटकाभरात अकरा घरांत पिठलं शिजायला लागलं.

गोदाकाकू पहिली आली. दारातूनच तिनं हंबरडा फोडला आणि राहीबाईच्या गळ्यात पडली. "कसं गं हे झालं, राहीआक्का!"

राहीबाई पोळपाटावरून उठली होती ती तशीच उभी राहिली. आता गावचं टपाल गोदाकाकूच्या ओसरीवर येत असे, आणि राहीबाईचा थोरला, कृष्णात, अजून फौजेत होता. जावा बेटावर. दोन महिने त्याचं पत्र नव्हतं. गोदाकाकू रडत आली म्हणजे तार आली. तार आली म्हणजे...

"माझ्या लेकरा रं!" म्हणून राहीबाई खाली बसली.

तिची किंकाळी ऐकून अंजना पुरण चुलीवर सोडून धावली. बनू आली. सगळ्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या. बाहेरून आणखी बायका आल्या, प्रत्येकीच्या हातात फडक्याखाली झाकलेली ताटली. अशा वेळी आधी रडायचं आणि मग विचारायचं, ही आपली रीत. विचारायची वेळ येईपर्यंत इतक्या जणी रडत असतात, की विचारणं बरं दिसत नाही.

मानसिंग परसातून नळकांड्याचं तोंड बघून आला, तर घर रडत होतं. त्यानं अंजनाला गाठलं.

"काय झालं?"

"भावजी गेलं वाटतं!"

"वाटतं म्हंजी? कुणी सांगितलं?"

"गोदाकाकूला ठावं हाय."

मानसिंगनं गोदाकाकूकडं पाहिलं. ती पदरात तोंड खुपसून म्हणत होती, "सोन्यासारखा मानूस! काल संध्याकाळी माझ्या बैलाला शिव्या घातल्या!" कृष्णात जावा बेटावरून गोदाकाकूच्या बैलाला शिव्या कशा घालील, हे मानसिंगला उमजेना. पण दुःखात माणूस काहीही बोलतं. तो भिंतीला टेकून बसला आणि रडायला लागला. भाऊ होता त्याचा. लहानपणी विहिरीत पोहायला त्यानंच शिकवलं होतं, आणि त्यानंच ढकललंही होतं.

तोवर वेशीवर हंबीररावांची बैलगाडी पोचली होती. वेशीतल्या माणसांनी हात जोडून सांगितलं, "पाव्हणं, त्येंच्यात मयत हाय." गाडीवानानं कासरा ओढला. हंबीरराव विचारात पडले. सुपारी तर राहिलीच, पण दारापर्यंत येऊन न भेटता परत जाणं बरं नव्हे. त्यांनी पाहुण्या बायकांना गाडीतच बसवलं, डोक्यावरचा पटका हातात घेतला आणि एकटेच येऊन मानसिंगशेजारी घोंगडीवर टेकले. मानसिंगच्या मनात आलं, कवठ्याला एवढ्यात बातमी गेली, म्हणजे तार तालुक्याला आली असणार. यांना सगळं ठाऊक असेल.

"कवा झालं म्हनायचं?" हंबीररावांनी हळू आवाजात विचारलं.

"आमाला आत्ताच कळलं."

"आत्ता? घरातल्या घरात?"

"हितं कुठलं, पाव्हणं? लांब, परमुलखात."

हंबीररावांनी मान हलवली. "वेशीतली तर म्हनत हुती, ओट्यावर."

"ओट्यावर?" जावा बेटावर ओटे असतात की नाही, हे मानसिंगला माहीत नव्हतं. "आन् कशानं झालं?"

"त्ये मी तुमास्नी इचारनार हुतो," हंबीरराव म्हणाले.

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. दोघांनाही वाटलं, दुःखानं समोरच्याचं डोकं फिरलंय. मग दोघंही पुन्हा खाली बघू लागले.

एवढ्यात खांद्यावर पानांची टोपली घेऊन केरबातात्या दारात आले. आत रडारड, घोंगडीवर पाहुणे, मानसिंगचे डोळे सुजलेले. तात्यांनी टोपली ठेवली, काही न विचारता घोंगडीवर बसकण मारली आणि ऊर बडवत मोठ्यानं रडायला सुरुवात केली. त्यांचा आवाज ऐकून गोदाकाकूनं पदर बाजूला केला. तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. रडणं एका टोकाकडून थांबत आलं. आता एकटे तात्याच रडत होते.

"तात्या," गोदाकाकू म्हणाली, "तुमी रडताय?"

"मग? न रडून कसं चालंल?"

"आवं पर, तुमी गेला न्हवं?"

तात्यांनी डोळे पुसले. "व्हय, गेलो हुतो. तासगावाला. पर गेलंय कोन त्ये सांगा की!"

मग जो गलका झाला तो सांगण्यात अर्थ नाही. तार कोणालाच आलेली नव्हती. कृष्णातबद्दल कोणाला काही ठाऊक नव्हतं. राहीबाईनं आधी देवाला हात जोडले आणि मग गोदाकाकूच्या पाठीत धपाटा घातला.

"माझ्या लेकाला मारतीस व्हय गं!"

"मी तात्यास्नी मारलं! तुमच्या लेकाला तुमीच मारलं," गोदाकाकू म्हणाली. "आन् मी काय करू? सूर्व्या वर आला, तुमच्यात चूल पेटली न्हाई!"

"पेटली की!" मानसिंग ओरडला. "कवाधरनं पेटलीया!"

सगळं गाव परसात गेलं. उसावर निळा धूर पसरला होता. सगळं गाव पुन्हा आत आलं. चूल भरात होती, आणि तिच्यावर पुरणाचा कोळसा झाला होता.

बनू कोपऱ्यात उभी होती. सुपारीच्या दिवशी घरात रडं झालं, पुरण जळलं, आणि पाहुण्यांना घालायला कडू घासाशिवाय काही नव्हतं. असल्या अपशकुनावर कोण सोयरीक करील? मानसिंगनं हंबीररावांपुढं हात जोडले.

"पाव्हणं, चूक माझी हाय. पोरीची न्हाई."

हंबीरराव ओळीनं मांडलेल्या ताटल्या मोजत होते.

"अकरा घरची?" त्यांनी विचारलं.

"व्हय जी."

"एका सकाळी धूर दिसला न्हाई, तर अकरा घरची?"

"व्हय."

"आमच्या गल्लीत मानूस मेलं तर तीन येतात," हंबीरराव म्हणाले. "त्यातली दोन बघायला." त्यांनी एका ताटलीवरचं फडकं काढलं, भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला. राहीबाई "आवं, कडू घास हाय त्यो!" म्हणत पुढं झाली.

"मयत न्हाई तर घास कडू कसा?" ते म्हणाले. "गूळ आना. आन् आमच्या मंडळीस्नी गाडीतनं उतरवा, त्यापन जेवतील."

सुपारी फुटली. लग्न वैशाखात झालं. कृष्णातचं पत्र जूनमध्ये आलं, त्यात त्यानं आपली तब्येत ठणठणीत असल्याचं कळवलं होतं.

चूल मात्र राहिली, आणि राहीबाईची तिसरी अटही राहिली. रोज उजाडता उजाडता अंगणात दोन ओल्या गोवऱ्या पेटवून भरपूर धूर काढायचा, गावाच्या जिवाला घोर नको. ते काम अंजनाकडं आलं. ती ते नेमानं करायची. फक्त सुगीच्या दिवसांत, रानातून अंग मोडून आल्यावर, एखाद्या सकाळी ती गोवऱ्या लावायला विसरायची. मग ती चुलीकडं न जाता उंबऱ्यात निवांत पाय पसरून बसायची आणि समोरच्या घरी पिठलं शिजायची वाट बघत गाणं म्हणायची.