बखर मंचुरियनाच्या चौकशीची

श्रीजठराग्नी सुप्रसन्न. शके १९३८ दुर्मुखनाम संवत्सरे, माघ शुद्ध षष्ठी, ते दिवशी एका राज्यात, ज्याचे नाव लिहिल्यास लेखनकर्त्याचीच चौकशी लागेल सबब लिहिले नाही, सरकारस्वारी जेवावयास बसली आणि जेवता जेवता संशयात पडली. त्याची हकीकत ऐसी जे, सरकारांस चिनी अन्नाची प्रीती बहुत. सकाळी कारभार पाहावा, दुपारी निद्रा करावी आणि सायंकाळी मंचुरियन, तळलेले नूडल आणि लाल चटणी आरोगावी, ऐसा अकरा वर्षे परिपाठ चालला. सरकारी मुदपाकखान्यावर भिवाजी मसुरकर, मूळचा कोकणातला, हाताचा सढळ आणि बोलण्यास आखडता, तो हे सर्व रांधीत असे. त्या दिवशी पंक्तीस सरकारांचे मेहुणे सर्जेराव बसले होते. ते खुद्द चीन देशी आठ दिवस हिंडून आले होते आणि आल्यापासून कोणी न विचारता तिकडचे सांगत होते. त्यांनी एक गोळा उचलिला, उजेडात धरून न्याहाळिला, परत ठेविला आणि बोलिले, "दाजी, तिकडे मंचुरिया नावाचा मुलूख आहे. मंचुरियन नावाचा पदार्थ कोणी ऐकलेला नाही." मग सरकारांनी तोंडातला घास गिळावा की कसे याचा विचार करून गिळिला, आणि आज्ञा केली की, अस्सल चिनी अन्न कोणते याचा आठ दिवसांत शोध लावावा, आणि भिवाजीने अकरा वर्षे खोटे वाढिले ऐसे ठरल्यास त्यास काढून सरहद्दीच्या किल्ल्यावर कोठारातले उंदीर हाकावयास धाडावे. भिवाजीस रांधण्यावाचून दुसरी विद्या नव्हती, आणि उंदरांचे त्यास लहानपणापासून भय.

मग कारभारी अंतोबा गुळवे शोधास निघाले आणि चार दिवसांत शहरातली एकोणीस चिनी उपाहारगृहे पाहिली. सर्वांच्या पाटीवर 'अस्सल' लिहिलेले, तेव्हाच अंतोबांस वहीम आला. एके ठायी गल्ल्यावर उडपीकडचे गृहस्थ आणि कढईवर नेपाळचे. दुसरे ठायी भिंतीवर मोठी चिनी अक्षरे, त्यांचा अर्थ पुसता मालक म्हणाला, शुभेच्छा असाव्यात. तिसरे ठायी दारावर अजगर रंगविला होता तो मगरीसारखा दिसे, आणि आत जैन मंचुरियन मिळे. अंतोबांनी सर्व चाखिले, पोट बिघडविले आणि पडल्या पडल्या युक्ती काढिली की, पाट्या खोट्या बोलतात, परंतु चिनी मनुष्याची भूक खोटी बोलणार नाही. सबब एक चिनी धरून तो जेथे जेवील ते अन्न अस्सल समजावे. शहरात चिनी घर एकच. ल्यांग नावाचे दंतवैद्य, तिसऱ्या पिढीचे, जन्म इथला, शाळा इथली, दात उपटताना शुद्ध मराठीत धीर देत. त्यांचे मागे दोन बातमीदार लाविले, आणि ते गुप्तपणे एकच वर्तमानपत्र दोघांत धरून दवाखान्यासमोर उभे राहिले.

ल्यांगांनी त्यांस पहिल्याच घटकेस पाहिले. आता यांचा नित्यक्रम ऐसा की, दवाखान्याचे माडीवर घर, तेथून बायको मेईलान डबा पाठवी आणि हे पडद्यामागे बसून जेवीत. परंतु आज्याच्या वेळेस, चीनशी लढाई जुंपली त्या दिवसांत, अशीच दोन माणसे समोर उभी राहिली होती, आणि मग आजा दीड वर्ष दूरच्या छावणीत कैदेत राहून आला होता, आणि आल्यावर मोठ्याने बोलेनासा जाहाला होता. ते ल्यांगांस आठविले आणि घाम फुटला. आपण इथलेच आहो हे सर्वांदेखत दिसावे म्हणून त्यांनी डबा न उघडता समोरच्या खाणावळीत जाऊन पिठले, भाकरी आणि ठेचा मागविला, कांदा मुठीने फोडिला, आणि हा क्रम तीन दिवस चालविला. बातमीदारांनी लिहून कळविले की, शोध लागला; अस्सल चिनी अन्न पिवळे असून भाकरीशी खातात.

हे वर्तमान मुदपाकखान्यात भिवाजीस पोचले. उद्या दरबार. मग त्याने विचार केला की खरे काय ते त्या वैद्यासच पुसावे, परंतु उघड जावे तर बातमीदार पाहतील. म्हणून गालास रुमाल बांधून, दाढ दुखते ऐसे सोंग करून खुर्चीत जाऊन बसला. ल्यांगांनी जाणिले की हा तिसरा बातमीदार. दाढ ठोकून पाहिली तो दगडासारखी. परंतु सरकारी मनुष्यास तुमचे दुखणे खोटे ऐसे कोणत्या तोंडाने म्हणावे? आणि भिवाजीने तरी आता सोंग कोणत्या तोंडाने सोडावे? दोघे एकमेकांस भिऊन गप्प राहिले आणि चांगली दाढ निघाली. ती हातात पाहून भिवाजी रडू लागला आणि रडता रडता मंचुरियन, मेहुणे, उंदीर, सर्व सांगून मोकळा जाहाला.

ल्यांगांनी ती दाढ धुवून कागदात बांधून त्याचे हाती दिली. मग पिठल्याचे खरे कारण सांगितले आणि त्यास माडीवर नेले. मेईलानबाईंनी प्रथम दाराची कडी लाविली आणि मग वाढिले. तोंडात जखम, सबब मऊ तांदूळ शिजवून पातळ केलेला, त्यात आल्याचे बारीक काप, वर खारविलेले अंडे आणि शेजारी नुसती वाफविलेली हिरवी पाने. लाल काही नाही. भिवाजीने एक घोट घेतला आणि म्हणाला, "ही तर आमची पेज." मग दुसरी वाटी मागितली आणि तिसरीही. निघतेवेळी बाई दारात आडव्या आल्या आणि हळू बोलिल्या, "भाऊ, हे बाहेर सांगू नका. आज विचारतील काय खातेस, उद्या मुदपाकखान्यात नेतील, परवा विचारतील तू कुठली." भिवाजीने मान डोलाविली आणि जिन्यात थांबून हिशेब केला, की सांगावे तरी आपले अकरा वर्षांचे रांधणे खोटे, न सांगावे तरी पिठल्यापुढे खोटे.

दुसरे दिवशी दरबार भरला. अंतोबांनी पिठल्याचा कागद वाचिला आणि सरकारांची मर्जी खप्पा होऊन पुसले, मग अकरा वर्षे आम्ही काय खाल्ले? भिवाजी जन्मात प्रथमच दरबारात बोलिला, आणि सुजल्या तोंडाने बोलिला, "सरकार, घरी रोज मंचुरियन खाऊन माणूस विटतो. बाहेर पडला की पिठलंच मागणार." यात सर्वांस तथ्य वाटिले. परंतु सर्जेराव म्हणाले की मनुष्याचे शब्दावर विश्वास कोण ठेवितो, त्या चिन्यासच बोलवा आणि त्यास खाववा. मग ल्यांगांस आणिले आणि भिवाजीचे मंचुरियन पुढे ठेविले. भयाने भिवाजीच्या हातून मिरची दुप्पट पडली होती. ल्यांगांनी उभ्या जन्मात हा पदार्थ तोंडात घातला नव्हता. त्यांनी सरकारांकडे पाहिले, दारातल्या दोन बातमीदारांकडे पाहिले, भिवाजीच्या सुजल्या गालाकडे पाहिले आणि सबंध गोळा मुखात टाकिला. तो कानशिले लाल जाहाली आणि डोळ्यांवाटे धारा लागल्या. सरकारांनी पुसले, काय आठविले? ल्यांग कसेबसे म्हणाले, "आजी." मग दरबारात एकही डोळा कोरडा राहिला नाही, सर्जेरावही नाक पुसू लागले, आणि मंचुरियन अस्सल ऐसा ठराव होऊन त्यावर शिक्का बसला.

बाहेरच्या देवडीवर भिवाजीने ल्यांगांस तांब्याभर पाणी दिले आणि इकडे तिकडे पाहून पुसले, "डॉक्टर, खरं सांगा, कसं झालं होतं?"

ल्यांगांनी तांब्या रिता केला आणि म्हणाले, "भिवाजी, तुम्ही माणूस फार चांगले आहात."

तात्पर्य, सरकारांचा संशय फिटला, भिवाजीची चाकरी राहिली आणि अंतोबांस शोधाबद्दल शेला मिळाला. सर्जेराव तूर्त इटली देशी गेले आहेत, सबब मुदपाकखान्यात पिझ्झा करणे बंद आहे. बातमीदार उठविले आहेत ऐसे ल्यांगांस लेखी कळविले. परंतु ल्यांग अद्याप दर मंगळवारी समोरच्या खाणावळीत, दाराशेजारचे बाकावर, सर्वांस दिसेल ऐसे बसून पिठले खातात. जे पाहिले ते लिहिले, लेखनसीमा.