अटलांटिकचे व्याही, टॅम्पिनीसचे पोहे

"लॅपटॉप बंद! बंद म्हणजे बंद! पोहे झाल्याशिवाय ह्या घरात लॅपटॉप उघडत नाही, मग तू बॉस्टनचा अस नाहीतर इथल्या बिशानचा!"

तांबेकाकांचा हा आवाज पस्तीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये मुरलेला आहे. तो आमच्या सिंगापुरातल्या टॅम्पिनीसच्या नवव्या मजल्यावरून सुटला, की पार बेटाच्या दुसऱ्या टोकाला, चोआ चू कांगला वाळत घातलेले कपडे हलतात. तिकडे राहणाऱ्या माझ्या मेहुण्याने हे अजून मान्य केलेलं नाही, पण मेहुण्यांनी काय मान्य केलंय आजवर?

आवाज ज्याच्यावर सुटला होता तो डग नावाचा सव्वासहा फुटी अमेरिकन सोफ्यावर जागच्या जागी थिजला. त्याच्यासमोर फर्गल उभा होता. हा आयर्लंडातल्या कॉर्क शहराचा, लाल दाढीचा गडी. त्याच्या हातात पोह्यांचा ट्रे होता, कारण काकांनी त्याला मुलीकडचा ठरवलं होतं.

"चीफ, पण मीच का मुलीकडचा?" फर्गलने विचारलं.

"हा बघ ना, आल्याआल्या पाय पसरून बसला. म्हणजे हा मुलाकडचा. दे त्याला बशी. लिंबाची फोड वर ठेव, बाजूला नको."

फर्गलने फोड वर ठेवली.

तांबेकाका आमचे शेजारी. भिंतीला भिंत. मूळचे रत्नागिरीकडचे, चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले आणि काकूंबरोबर इथेच राहिले. काकूंना जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून काकांचा उद्योग एकच, आयरिश धंदेवाल्याची गाठ अमेरिकन धंदेवाल्याशी घालून द्यायची. तीही कांदेपोह्यांचा रीतसर कार्यक्रम करून.

माणसाला छंद असतात. कुणी नाणी जमवतं, कुणी शत्रू. पण हे? शहरात कुठेही व्यापारी प्रदर्शन असो, काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, हजर. तिथे ते माणसाचा चेहरा बघत नाहीत, गळ्यातल्या बिल्ल्यावरचा देश बघतात. जपानी, जर्मन, कोरियन कंपन्यांचे मोठमोठे साहेब समोरून निघून जातात, काका ढुंकून बघत नाहीत. आयरिश दिसला की मात्र त्याच्या कोपराला धरतात, आणि अमेरिकन सापडेपर्यंत ते कोपर सोडत नाहीत. एका आयरिश लोणीवाल्याला त्यांनी असं तीन तास फिरवलं आणि शेवटी बॉस्टनच्या मक्याच्या लाह्या विकणाऱ्यासमोर नेऊन उभं केलं. आज त्या लाह्या त्या लोण्याशिवाय फुटतच नाहीत म्हणे!

एकदा शिकागोचा एक जण यांची कीर्ती ऐकून आपल्या पायांनी दारात आला. काका म्हणाले, "शिकागो लांब पडतं." कुठून लांब, ते सांगितलं नाही.

"पत्रिकाबित्रिका आमच्यात बघत नाहीत," ते प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात. "माणूस बघायचा. आटे जुळले पाहिजेत, बाकी सगळं ग्रीस." नट आणि बोल्ट यांचे आटे जुळले की दोघं जन्मभर एकमेकांना धरून राहतात, हे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान. त्यांच्या हॉलमध्ये एका फळीवर बुद्धमूर्ती आहे आणि समोरच्या भिंतीवर तीन घड्याळं: सिंगापूर, कॉर्क, बॉस्टन. मला वाटायचं, धंद्यासाठी असतील.

तर आजचं स्थळ सगळ्यांत अवघड होतं. फर्गलचा कारखाना जहाजांसाठी एक लेप बनवतो. तो तळाला लावला की समुद्रातली शिंपलीबिंपली त्याला चिकटत नाहीत म्हणे. चिकटलीच, तरी नुसती पुसली की जातात. डगची कंपनी जहाजाचा तळ घासणारे यंत्रमानव बनवते. म्हणजे एक चिकटू देत नाही आणि दुसरा चिकटलेलं खरवडतो. प्रदर्शनात दोघांचे गाळे समोरासमोर आले आणि पहिल्याच दिवशी दोघं गिऱ्हाइकांदेखत हमरीतुमरीवर आले. तुझ्या घासणीने माझा लेप सोलून निघेल, असं फर्गल म्हणाला. तुझा लेप इतका गुणाचा असता तर मला कुणी बोलावलंच नसतं, असं डग म्हणाला. मध्ये काका उभे होते, आणि त्यांच्या मागे मी. त्यांच्या चेहऱ्यावर नातवंडं बघितल्याचा आनंद होता.

"काका, हे भांडतायत," मी म्हटलं.

"म्हणूनच. ज्यांचं काही जुळणार नसतं ते भांडत नाहीत रे, ते एकमेकांना कार्डं देतात आणि जेवायला जातात."

पण घोडं अडलं होतं ते वेळेवर. डगचं विमान पोह्यांच्याच दिवशी रात्रीचं. एकदा तो बॉस्टनला आणि हा कॉर्कला पोचला, की मग कसलं काय! आणि काकांनी माझ्या बायकोला, वैशालीला, पोहे भिजवतानाच निक्षून सांगितलं होतं, "आज फिसकटलं, तर हा माझा शेवटचा कार्यक्रम. पुन्हा नाही." त्यांच्या आवाजात तेव्हा इंजिनरूम नव्हती. वैशालीने माझ्याकडे बघितलं. मी कांदा चिरत होतो, त्यामुळे माझ्या डोळ्यांवरून काही कळण्यासारखं नव्हतं.

पोहे झाले. मग काकांनी मुलीकडच्याला विचारलं, "गाणं येतं?"

आयरिश माणसाला हे विचारू नये. फर्गलने समुद्रात बुडालेल्या कुणा कोळ्यावरचं गाणं सुरू केलं. अकरा कडवी! पाचव्या कडव्याला कोळी बुडाला, उरलेली सहा त्याची आई किनाऱ्यावर उभी. डगने दोनदा चष्मा पुसला आणि दोनदा सांगितलं की हिरवी मिरची तिखट आहे.

"आता दोघं जरा बाहेर बोला," काका म्हणाले.

बघण्याच्या कार्यक्रमात मुलाला आणि मुलीला थोडा वेळ गच्चीवर पाठवतात. आमच्या सरकारी फ्लॅटना कसली गच्ची? काकांनी दोघांना दाराबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये, कढीपत्त्याच्या कुंडीजवळ, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसवलं. आणि आत येऊन लोखंडी गेटला कुलूप ठोकलं. दोघांचे बूट मघाशीच आत उचलून घेतलेले, लॅपटॉप आत, फोन आत.

"काका, अहो ही कोंडून ठेवण्याची केस होईल!"

"कोंडलेलं कुठंय? ते तर बाहेर आहेत. कोंडलेले आपण."



मी खिडकीच्या फटीला डोळा लावला. पहिली दहा मिनिटं दोघं विरुद्ध दिशांना बघत होते. मग कडाकडा भांडले. दुपारी चारचं सिंगापूरचं ऊन असं असतं, की त्यात भांडणसुद्धा फार वेळ टिकत नाही, वितळतं. माझी लेक क्लासवरून आली, त्या दोघांच्या अनवाणी पायांवरून उडी मारून गेटपाशी उभी राहिली आणि इथल्या पोरांसारखं शेवटी 'ला' लावत म्हणाली, "पप्पा, दे आर सो रेड, ला. ॲटलीस्ट पाणी तरी द्या." पाणी दिलं. गेट उघडलं नाही.

अर्ध्या तासाने डग म्हणाला, "हा म्हातारा वेडा आहे."

फर्गल म्हणाला, "ठार."

काकांनी आतून माझा दंड धरला. "लागला! पहिला आटा लागला! तिसऱ्या माणसाबद्दल दोघांचं एकमत झालं की समज, फिरायला लागला बोल्ट."

आणि खरंच फिरायला लागला. फर्गलच्या खिशात लेप लावलेली हातभर नव्हे, बोटभर पट्टी होती. (हातभर होती असं मी परवा ऑफिसात सांगितलं, ते विसरा.) डगच्या खिशात यंत्रमानवाच्या ब्रशचा तुकडा. त्याने ब्रश पट्टीवर ओढला. चर्रकन ओरखडा उठला.

"सांगितलं नव्हतं?" फर्गल म्हणाला.

डगने ब्रश भिरकावला. आणि मग रिकाम्या हातांनी आणि अनवाणी पायांनी बसलेला माणूस जे करतो ते त्याने केलं, पाय घासले. खाली काकांचं पायपुसणं होतं. काथ्याचं, रत्नागिरीहून आणलेलं, वर्षानुवर्षं पाय पुसून पुसून मऊ झालेलं. डगचे पाय थांबले. त्याने वाकून पायपुसणं उचललं, त्याच्यावर थोडं पाणी ओतलं, आणि पट्टीवर घासलं. पुन्हा घासलं. पट्टी उन्हात धरून बघितली. फर्गलकडे दिली. फर्गलने जिभेने चाटून बघितली, हे मी शपथेवर सांगतो.

नवा ओरखडा नाही. एकही नाही.

मग दोघं गुडघ्यांवर बसून ते पायपुसणं असे कुरवाळायला लागले, जसं बाळंतविड्यातलं दुपटंच! पाच मिनिटांनी डग गेट गदागदा हलवत ओरडत होता, "चीफ! उघड! लॅपटॉप दे!"

"पोहे झालेत, आता दे," काका म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात दिली.

पुढचे दोन तास त्या हॉलमध्ये जे चाललं होतं त्याला लग्नघरच म्हणावं लागेल. लेप कॉर्कचा, यंत्र बॉस्टनचं, ब्रश नवा, मऊ, दोघांनी मिळून बनवायचा, आणि पहिली चाचणी सिंगापूरच्या बंदरात. करार तिथल्या तिथे लिहिला. पायपुसण्याचे दोन तुकडे केले, एक अटलांटिकच्या ह्या काठाला, एक त्या काठाला. डगने तर फर्गलला चक्क उचललं.

"चीफ, तुमची फी सांगा," तो म्हणाला. "काहीही मागा."

"फी नको. साक्षीदार माझे," काका म्हणाले. "दोन. कॉर्कचा एक, बॉस्टनची एक. तुमच्या दोन्ही गावांत तुमच्या भेटी होतील तेव्हा ते दोघंही हजर राहतील. असं करारात लिहा."

त्या दोघांना ही काहीतरी भारतीय रीत वाटली. लिहिलं त्यांनी. पण स्वयंपाकघरात वैशाली कोथिंबीर चिरायची थांबली. ती हळूच मला म्हणाली, "अहो, राहुल कॉर्कला असतो. आणि प्रज्ञा बॉस्टनला."

काकांची मुलं. काकूंच्या आजारपणात प्रज्ञा सुट्टी टाकून येऊन राहिली, राहुल पोचला तो सगळं आटोपल्यावर. त्या दिवशी दोघं एकमेकांना जे बोलली, त्यानंतर बोललेलीच नाहीत. आणि मी चार वर्षं भिंतीला भिंत लावून राहतोय, ती घड्याळं बघतोय, आणि माणसाच्या छंदावर विनोद करतोय.

संध्याकाळचे आठ. कॉर्कला दुपारचा एक, बॉस्टनला सकाळचे आठ. काकांनी दोन्ही मुलांना एवढंच सांगितलं होतं की बाबांच्या एका कागदावर सही हवी आहे. टीव्हीच्या पडद्यावर दोन चौकोन उघडले. डावीकडे राहुल, उजवीकडे प्रज्ञा. दोघांनाही एकदमच कळलं की दुसरं कोण आहे. फर्गल आणि डगने हातातले कागद खाली ठेवले. त्यांना मराठी येत नव्हतं, पण ते अनवाणीच होते अजून, त्यामुळे हाही काकांचा एक कार्यक्रमच आहे, हे त्यांना कळलं.

काका पडद्याकडे बघतच नव्हते. रिकाम्या बशीतली मोहरी बोटाने गोळा करत होते.

शेवटी प्रज्ञा म्हणाली, "दादा, तुझे केस कुठे गेले?"

"गेले," राहुल म्हणाला. "दोन वर्षं झाली."