शतावरीला साखर निघाली

घाटमाथ्यावरच्या संशोधन केंद्रातली शतावरी रोज सकाळी सहाला फिरायला जाऊ लागली, कारण तिला साखर निघाली होती.

चूक वहीची. क्षमा ओगले तिथे एक मॉडेल बांधत होती: हवा किती तापली आणि मुळांत साखर किती साठली ते सांगा, कोंब किती वाढेल ते मॉडेल सांगेल. रोजच्या नोंदी बाबाजी शेलार ठेवत. माणूस चोख, पण लिहायचा भारी कंटाळा. तापमानाच्या रकान्यावर त्यांनी नुसतं 'ताप' लिहिलं, शेजारी 'साखर'. वही चुकून दवाखान्याच्या टपालात गेली आणि शेरा घेऊन परत आली: 'ताप नाही. साखर फार. रोज सव्वा तास चालणे. रुग्णास वाचून दाखवावे.' बाबाजींनी वाफ्यापाशी उभं राहून खणखणीत आवाजात वाचून दाखवलं.

क्षमाच्या तोंडचं पाणी पळालं. सोमवारी संचालक येणार होते. अंदाज चुकला तर वाफा स्ट्रॉबेरीला जाणार आणि तिची चार वर्षं पाण्यात.

"अहो बाबाजी, चालून चालून मुळांतली साखर संपेल! कोंब वाढणार कशाच्या जोरावर? तुम्ही माझ्या मुळावरच उठलात!"

"मी न्हाय वो म्याडम," बाबाजी म्हणाले, "मुळंच उठल्यात."

रडून काही होणार नव्हतं. चार दिवस ती शतावरीच्या मागोमाग चालली, चढ-उतार मोजले आणि मॉडेलात तिसरा रकाना घातला: चालणे.

सोमवारी संचालक सातलाच हजर. वाफ्यात नुसती भोकं.

"पीक कुठंय?"

"फिरायला गेलंय, सर. सव्वासातला येईल. कोंब चार बोटं भरतील."

सव्वासातला शतावरी फाटकातून आत आली, मुळं झटकली आणि आपापल्या भोकात बसली. बाबाजींनी बोटं लावली. चार.

संचालकांनी 'अंदाज अचूक' असा शेरा मारला. वाफा वाचला. क्षमाला इतका आनंद झाला की तिनं बाबाजींना तिथल्या तिथे माफ केलं. मग संचालक हळूच म्हणाले, "मलाही चालायला सांगितलंय हो. सोबत मिळत नाही."

हल्ली शतावरी सात पंचविसाला परतते. चढावर ती सरांसाठी थांबते. मॉडेलात त्यासाठी चौथा रकाना आहे. बाबाजींनी वहीत त्यावर नुसतं 'दम' लिहिलंय.

वही कालच्या टपालापासून सापडत नाहीये.