लांजेवार सरांची लाल पट्टी

लांजेवार सर तावडीत सापडलेल्या माणसाला एक वाक्य मागितल्याशिवाय सोडत नसत. गणपतीची वर्गणी मागणारी पोरंसुद्धा बंद दार बघून परत जातात, पण सर खिडकीतून हाक मारत. "मेश्राम, बेडकावर एकच वाक्य द्या. जास्त नाही मागून राहिलो." मी रसायनशास्त्राचा माणूस. बेडकाबद्दल माझ्याकडे एकच वाक्य होतं, ते म्हणजे मला बेडूक आवडत नाही. तेही त्यांनी नाकारलं, कारण त्याला संदर्भ नव्हता.

साकोलीच्या आमच्या कॉलेजात सर प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख होते. विभागात ते एकटेच असल्यामुळे निवड बिनविरोध झाली होती. कॉलेजात ब्रॉडबँड आलं तेव्हा बाकीच्यांनी क्रिकेटचा स्कोअर बघितला आणि सरांनी 'जीवकोश' काढला. जीवकोश म्हणजे इंटरनेटवरचं एक पुस्तक. जीवशास्त्राच्या संशोधकांनी मिळून ते लिहायचं, एकाचं दुसऱ्यानं तपासायचं, चुकलं तर खोडायचं. इथल्या तलावांतला प्रत्येक मासा, धानाच्या बांधीतला प्रत्येक किडा आणि जंगलातलं प्रत्येक झाड त्यात यायचं होतं. आमचा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला होता, पण सरांनी ती फाळणी मान्य केली नव्हती. "सारस पक्ष्यानं काही बदलीचा अर्ज नाही केला बाप्पा," असं ते म्हणत.

लिहिण्याच्या आधी त्यांनी वाढीचं नियोजन केलं. स्टाफरूमच्या भिंतीवर मोठा ड्रॉइंग पेपर चिकटवला. त्यावर जीवकोशाचे टप्पे धानाच्या शेतीसारखे होते: परे म्हणजे रोपं, मग रोवणी, निंदण, कापणी. परे टाकायचे म्हणजे सरांनी स्वतः थोडी पानं लिहायची. मग रोवणी, म्हणजे ती पानं ठिकठिकाणच्या संशोधकांनी आपापल्या हातात घ्यायची. लेखकांची भांडणं मिटवायला वाद निवारण समिती होती, अध्यक्ष लांजेवार. भाषांतर समिती होती, अध्यक्ष तेच. एकाच वेळी फार संशोधक आले तर गर्दी कशी आवरायची यावर चार पानांचा आराखडा होता. कोणीच आलं नाही तर काय, यावर एक ओळही नव्हती.

आणि एक नियम होता. ज्या पानाला दुसऱ्या माणसाचा हात लागला नाही, त्या पानाच्या माथ्यावर लाल पट्टी दिसायची: 'दुसऱ्या हाताच्या प्रतीक्षेत'. दुसऱ्या कोणी वाचून काही सुधारलं, की पट्टी जायची. नियम चांगला होता. फक्त जीवकोश उघडला की पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं लालेलाल दिसायचं.

सरांना चूक सहन होत नसे, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. एका लग्नात नवरदेवाच्या गळ्यातला झेंडूचा हार बघून कोणी तरी म्हणालं, पाकळ्या गळून राहिल्या. सर पंगतीतून उठून मांडवात गेले. "पाकळी नाही ते! झेंडूची एक एक पाकळी म्हणजे एक एक पुरं फूल राहते." वऱ्हाडी बघत राहिले. भटजींनी मुहूर्ताची आठवण करून दिली, तेव्हा कुठे नवरदेव सुटला.

रोवणी काही होईना, तेव्हा सरांनी मंडईचा मुहूर्त धरला. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. माहेरवाशिणी येतात, नागपूर-पुण्याला नोकरीला गेलेलेही येतात, दिवसा बाजार आणि संध्याकाळनंतर नाटक. "शिकलेले सारे एका जागी सापडते, मेश्राम. शोधाची गरजच नाही." अड्याळकडच्या एका मंडईत जिलेबी आणि बांगड्या यांच्या मधोमध त्यांनी टेबल मांडलं, वर लॅपटॉप ठेवला आणि कापडी फलक लावला: 'जीवकोशात सहभागी व्हा'. मी जिलेबीसाठी गेलो होतो, त्यामुळे सगळं जवळून पाहिलं.

गर्दी झाली. गर्दीचा आराखडा घरी राहिला होता. पहिल्या म्हाताऱ्याला सातबारा काढून हवा होता. मग एक बाई पोराचा निकाल बघायला आली. तिसरा खरोखर वाक्य द्यायला आला. सरांनी हात पुसून की-बोर्डवर ठेवले.

"लिवा," तो म्हणाला, "मरळ मासा चवीले एक नंबर राहते."

"संदर्भ?"

"म्हंजे?"

"कोनी म्हटलं, कोठी छापून आलं?"

"मी म्हटलं ना जी! मले खोटारडा म्हणता का तुमी?"

तो रागावून जिलेबीकडे गेला. वाद निवारण समितीचे अध्यक्ष त्याच्या मागे धावले, पण नाटकाची नांदी सुरू झाली होती.

अशीच काही वर्षं गेली. सरांची निवृत्ती जवळ आली. प्राचार्यांनी सांगितलं की कॉलेजच्या संकेतस्थळावरची जीवकोशाची जागा आता प्रवेशाच्या कामाला लागेल. "दुसरा एक जरी माणूस वापरत असेल, तर राहू द्या सर. एकट्या माणसासाठी कायले ठेवाचं?" दुसऱ्या दिवशी सरांनी भिंतीवरच्या आराखड्यात 'रोवणी'ची मुदत खोडून पुढची लिहिली. तो माणूस निवृत्त होणार होता आणि त्याचा आराखडा नोकरीत रुजू होत होता.

निरोप समारंभाचं भाषण माझ्याकडे आलं. सरांची टिंगल करायला चार वाक्यं हवीत, म्हणून मी पहिल्यांदाच जीवकोश नीट उघडला. पान लागलं मोहाच्या झाडाचं. लिहिलं होतं, 'मोहाला फुले पावसाळ्यात येतात'.

मी दोनदा वाचलं. झेंडूच्या पाकळीसाठी लग्न थांबवणारा माणूस, आणि मोह पावसाळ्यात! आमच्याकडे शाळेत न गेलेलं पोरही ही चूक करणार नाही. मला इतका आनंद पगारवाढीलाही झाला नव्हता. मी ते वाक्य खोडलं, 'उन्हाळ्याच्या तोंडी' असं लिहिलं आणि खाली शेरा मारला: 'मोह पावसाळ्यात फुलतो, तर चैतात आमची माय सकाळी टोपली घेऊन काय वेचायला जात होती?' पानाची लाल पट्टी गेली. तिकडे माझं लक्षही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर दारात उभे. हातात बालुशाहीचा डबा. मी भांडणाच्या तयारीत होतो, डब्याच्या नाही.

"तुमी सुधारलं," ते म्हणाले.

"चूक होती सर."

"हाव ना. मीच ठेवली होती ते."

मी त्यांना आत घेतलं.

"पयले सारं बरोबर लिवलं. कोनी काहीच बोललं नाही. बरोबर असलं तं माणूस कायले बोलन? मंग म्हटलं, दोन-तीन पानाइत अशी चूक ठेवू, का वाचनाऱ्याच्या हाताले खाज सुटली पायजे. रोज पाहत होतो. तशीच्या तशी राहे."

मी चहा ठेवला. सर खुर्चीत बसले आणि डब्याचं झाकण उगाच उघडझाक करत राहिले. त्यांच्या बायकोला मी ओळखत होतो. मोहाडीकडच्या शाळेत शिक्षिका होत्या, बोलायला फटकळ. त्यांना जाऊन बरेच दिवस झाले होते.

"मॅडम होती तवा घरात चूक टिकत नव्हती," सर म्हणाले. "मी सोमवार म्हटलं का ते म्हने, मंगळवार आहे. मीठ जास्त म्हटलं का म्हने, तुमची जीभ बिघडली. तीस वर्षं भांडलो आम्ही, मेश्राम. आता मी दिवसभर चुकीचं बोललो तरी कोनी टोकत नाही."

मला फार वाईट वाटलं. भाषणासाठी जमवलेली चारही वाक्यं मी मनातल्या मनात फेकून दिली. प्राचार्यांना दुसरा माणूस दाखवला, तो मीच. जीवकोश राहिला.

उरलेल्या चुका मी शोधून काढल्या. प्रत्येकीला बालुशाही आली. मग चुका संपल्या, आणि सरांचं येणं कमी झालं. तेव्हा मी मरळीचं पान उघडलं. लिहिलं होतं, 'हा मासा आपल्या पिल्लांची राखण करतो'. लहानपणी तलावाच्या काठावर बसून मी ते स्वतः पाहिलं आहे. लालसर पिल्लांचा थवा वर, आणि खाली काळीभोर मरळ पहाऱ्यावर. मी ते वाक्य खोडलं आणि लिहिलं: 'मासा कधी राखण करतो काय? काहीतरीच. संदर्भ द्या.'

दुपारच्या आत फोन आला.

"मेश्राम! अजी, तुमाले काही समजते का नाही? कोन मास्तर केलं तुमाले? थांबा, पुस्तकच घेऊन येतो. आज तुमाले सोडतच नाही!"

"या," मी म्हणालो आणि चहाचं आधण ठेवलं.