बाराशे अठरा किलोमीटर

सासरच्या माणसांशी मी आजवर मोजून दोनदा खोटं बोललो आहे, आणि दोन्ही वेळा एकच अक्षर. (मधे एक थाप मारली होती, पण ती परंपरा म्हणून खपली. ती मी धरत नाही.)

पहिल्या वेळचं आधी सांगतो. एकोणीसशे ऐंशी साल. लोणी काळभोरला आमच्या लग्नाची बैठक बसली होती. मी पुण्यात सरकारी कचेरीत कारकून. देणंघेणं, मानपान सगळं ठरलं, सुपारी फुटायची तेवढी राहिली, आणि माझे होणारे सासरे (आम्ही त्यांना मामा म्हणतो) एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "पाव्हणं, मोटारसायकल येती न्हवं चालवाया?"

त्याच वेळी आतल्या दाराच्या पडद्याआडून कुणीतरी बघत होतं. ती माझी होणारी बायको श्यामला होती की तिची धाकटी बहीण हेमा, हे मला अजूनही कळलेलं नाही. पण बघत होतं. मी म्हणालो, "हो."

मला वाटलं, म्हातारा सहज विचारतोय. लग्नाच्या दिवशी मांडवाच्या दारात हार घातलेली कोरी मोटारसायकल उभी! त्या वर्षी ऊस गेल्यावर मामा घरावर नवे पत्रे टाकणार होते. ते त्यांनी राहू दिलं आणि जावयाला गाडी घेतली. दोनशे माणसं बघताहेत, बँड वाजायचा थांबलाय आणि मामा म्हणताहेत, "बसा. न्या."

मी तोवर सायकलसुद्धा फक्त उतारावर चालवली होती. पण माणूस अडचणीत सापडला की त्याला परंपरा सुचते. मी म्हणालो, "मामा, आमच्यात पद्धत आहे. नवी गाडी आधी हातानं चालवत देवापर्यंत न्यायची." मामांनी कौतुकानं मान हलवली. मी हँडल धरलं आणि वेशीवरच्या मारुतीपर्यंत गाडी ढकलत नेली. मागून वऱ्हाड, बँड आणि नवी नवरी. देवळामागे माझ्या चुलतभावानं ती गुपचूप टेम्पोत चढवली.

पुढे आम्ही बिबवेवाडीत फ्लॅट घेतला. तिथे मी रोज सकाळी सव्वानऊला हेल्मेट घालून खाली उतरायचो, गाडी ढकलत कोपऱ्यावरच्या दादामियाँच्या गॅरेजपर्यंत न्यायचो, तिथे लावायचो आणि मागच्या गल्लीतून बस पकडायचो. संध्याकाळी तसाच उलटा प्रवास. सोसायटीत कुणी विचारलं, तर म्हणायचो, "इमारतीत आजारी माणसं आहेत, लहान मुलं आहेत. आवाज कशाला?"

याचा परिणाम भलताच झाला. आमचे सेक्रेटरी अनंतराव यांनी फाटकावर पाटी लावली. 'आवारात वाहन सुरू करणे हा असंस्कृतपणा आहे. जमत नसल्यास पहिल्या मजल्यावरील भालेकरांकडून शिकावे.' म्हणजे मोटारसायकल न येणारा माणूस इतरांना मोटारसायकल शिकवायला लागला.

श्यामलाला मागे बसवण्याचा प्रश्न होता. पहिली सहा वर्षं मी म्हणालो, "नवं इंजिन आहे, आधी जरा रुळू दे, रनिंग-इन होऊ दे." पुढची आठ वर्षं म्हणालो, "हादऱ्यांनी तुझी पाठ धरेल." ती शाळेत गणित शिकवते. फार प्रश्न विचारायची नाही. याचं मला तेव्हा बरं वाटायचं.

चौऱ्याण्णव साली लोणीहून मामांचं पत्र आलं. त्यांना पंचाहत्तरावं लागणार होतं. 'डोळ्याचं आपरेशन झालं. आता लख्ख दिसतं. चौदा वर्सं झाली, पन दिलेल्या गाडीवर जावयाला बसलेलं एकदाबी बघितलं न्हाय. पंचाहत्तरीला दोघं गाडीवर या. तेवढं बघायचं हाय.'

पत्र वाचून मला स्वतःची लाज वाटली. मामांच्या घरावरचे जुने पत्रे अजून तसेच गळत होते. कार्यक्रमाला दीड महिना होता.

दुसऱ्या दिवशी बस सोडून मी गॅरेजमध्ये थांबलो. म्हणालो, "दादामियाँ, मला गाडी चालवायला शिकवा."

"कुठली गाडी?"

"हीच."

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "म्हणजे साहेब, तुम्हाला येतच नाही? मला वाटलं, तुमची काही मन्नत आहे! चौदा साल मी कुणाला बोललो नाही. मन्नत अशी बोलायची नसते."

त्यांनी मीटरवरची धूळ फडक्यानं पुसली. बाराशे अठरा किलोमीटर. "गाडी तर कोरी आहे," ते म्हणाले. "बाराशे अठराच चाललीय."

"ती नाही," मी म्हणालो. "मी चाललोय."

शिकाऊ परवाना काढला आणि रोज सकाळी सहाला टेकडीखालच्या मैदानावर शिकवणी सुरू झाली. श्यामलाला सांगितलं, फिरायला जातो. अडचण गाडीची नव्हती, माझ्या शरीराची होती. चौदा वर्षं मी गाडीच्या डाव्या बाजूनं चाललो होतो. वर बसलं की मला चुकल्यासारखं व्हायचं. जरा घाबरलो की पाय आपोआप खाली यायचे आणि मी उतरून चालायला लागायचो. गाडी मात्र गिअरमध्ये असायची. मग ती पळायची, तिला धरून मी पळायचो आणि माझ्या मागे दादामियाँ. "बसा साहेब, बसा! या अल्ला, ती इंजिनवर चालते, तुम्ही कशाला चालताय?"

महिना संपला आणि परीक्षेचा दिवस आला. जमिनीवर चुन्यानं इंग्रजी आठचा आकडा काढलेला. त्यावरून गाडी फिरवायची, रेघ सोडायची नाही, पाय टेकायचा नाही. इन्स्पेक्टर खुर्चीत बसून वहीत बघत होते. मी निघालो. आठाचं पहिलं पोट झालं, आणि मधल्या चौकात इंजिन बंद पडलं.

पुढचं मी केलं नाही, ते माझ्याकडून झालं. मी खाली उतरलो, हँडल धरलं आणि उरलेलं पोट गाडी ढकलत पूर्ण केलं. चाक रेघेवरून सुताएवढंही हललं नाही. अशी गाडी ढकलणारा माणूस पुणे जिल्ह्यात दुसरा नसेल. मी इन्स्पेक्टरांसमोर गाडी स्टँडला लावली आणि अपेक्षेनं बघत उभा राहिलो.

"पाय टेकला," ते म्हणाले.

"किती वेळा साहेब?"

"ते मोजायचं काम आमच्याकडे नसतं. पुढच्या आठवड्यात या. आणि बसून या."

आता पुढचा आठवडा म्हणजे पंचाहत्तरीच्या आधीचा शुक्रवार. त्या सकाळी दादामियाँ म्हणाले, "फिकीर नको. आज तुम्ही उतरणार नाही." मला वाटलं, धीर देताहेत. परीक्षेच्या मैदानावर मी सीटवर बसलो, गाडी सुरू केली, आणि बसल्या जागी काहीतरी ओलसर लागलं.

"दादामियाँ, सीटवर काय आहे?"

"पंक्चरचं सोल्युशन," ते शांतपणे म्हणाले. "आता निघा."

मी निघालो. मधल्या चौकात पाय खाली जायला निघाले, पण पँट यायला तयार नव्हती. तेव्हा नाइलाजानं मी गाडी चालवली. एक आठ झाला. दुसरा झाला. तिसऱ्या आठाच्या वेळी माझ्या लक्षात आलं की मला येतंय! छातीत असं काही भरून आलं की मी चौथा आठ न सांगताच काढला.

"पुरे," इन्स्पेक्टर म्हणाले. "उतरा आणि इथे सही करा."

"बसूनच करतो साहेब."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मागच्या आठवड्यात अर्ध्यात उतरलात. आज उतरायलाच तयार नाही. मधलं काही येतं का तुम्हाला?" पण वही घेऊन ते स्वतः उठून आले.

मी तसाच चालवत गॅरेजला आलो, कारण दुसरा उपायच नव्हता. दादामियाँनी टाकीतलं पेट्रोल काढून काढून माझी पँट सीटपासून सोडवली. बरंच लागलं. मला त्याचं काही वाटलं नाही. (पेट्रोल संपतं ही गोष्ट मी तोवर फक्त वर्तमानपत्रात वाचली होती.)

रविवारी सकाळी निघालो. पाटीमुळे आवारातून गाडी ढकलतच बाहेर काढावी लागली. कोपऱ्यावर श्यामला मागे बसली. मांडीवर निरांजनांचं ताट, त्यावर रुमाल. मी किक मारली आणि आम्ही चक्क निघालो! स्वारगेट गेलं, हडपसर गेलं. सोलापूर रस्त्याला ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, मी त्यांना रीतसर बाजू देत होतो.

"अहो, वळताना हात दाखवा," मागून श्यामला म्हणाली. मी दाखवला. थोड्या वेळानं ती म्हणाली, "चांगली चालवता की. पहिल्यांदाच असून."

गाडी एका बैलगाडीच्या अंगावर जाता जाता राहिली.

"तुला माहीत होतं?"

"लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीला गाडी पुसताना मीटर बघितला होता. एकशे बारा किलोमीटर. तुमचं ऑफिस घरापासून सात किलोमीटर. हे गणित पाचवीतली मुलंसुद्धा सोडवतात."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. शिवाय हेमाच्या नवऱ्याचं पोट बघा. म्हटलं, हे रोज चालताहेत तर चालू देत."

"म्हणून चौदा वर्षं थांबलीस?"

"रनिंग-इन चाललं होतं ना," ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो तिनं त्याआधी कधी ठेवला नव्हता, कारण तशी सोयच मी ठेवली नव्हती. मला फार बरं वाटलं.

लोणी आलं. हमरस्ता सोडून आम्ही आत वळलो. वेशीवरचा मारुती मागे गेला आणि समोर मामांचं घर दिसायला लागलं. फाटकात पांढरा फेटा बांधून मामा उभे, कपाळावर हात आडवा धरून रस्त्याकडे बघत. मागे सगळे नातेवाईक, बँडवाले, हेमाचा नवरा. मी ताठ बसलो. मामांना दिसायला अजून थोडं अंतर होतं. तेवढ्यात इंजिन खोकलं, दोन आचके देऊन बंद पडलं.

मी वीस किका मारल्या.

"पेट्रोल कधी भरलं होतंत?" श्यामलानं विचारलं.

"ते आपण भरायचं असतं?"

ती ताट सावरून उतरायला लागली. मी म्हणालो, "बसून राहा. हे मला येतं."

मी खाली उतरलो, डाव्या बाजूला गेलो, हँडल धरलं आणि निघालो. मागे बायको, मांडीवर ताट, पण गाडी जरासुद्धा डुगडुगली नाही. मामा बघत होते. त्यांचे ऑपरेशन केलेले डोळे आधी बारीक झाले, मग भरून आले. जवळ पोचलो तेव्हा ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा रं! चौदा वर्सं झाली, पन जावयानं गाडी चालवायची रीत बदलली न्हाय. हितनं नेली तश्शीच आनली!"

मग त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "माज्या पंचाहत्तरीचं म्हनून मुद्दाम हातानं आनली व्हय, देवाला न्यायला?"

पेट्रोल भरायचं असतं हे मला माहीत नव्हतं, असं दोनशे माणसांसमोर सांगायचं, की...

"हो," मी म्हणालो.

"मंग चला की," मामा म्हणाले. त्यांनी बँडवाल्यांना खूण केली आणि मी आलो त्याच रस्त्याकडे काठी दाखवली. "मारुती मागं ऱ्हायला."

बँड सुरू झाला. अख्खी मिरवणूक माझ्या मागे उभी राहिली. हेमाचा नवरा आत खुर्चीवर बसून भजी खायला लागला. मी हँडल धरून गाडी फिरवायला घेतली, तेव्हा मागच्या सीटवरून श्यामला हळूच वाकून म्हणाली, "अहो, वळताना हात दाखवा."